पुराच्या छावणीत तृतीयपंथी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याक: वेगळी यादी करायची का?

सीनाकाठ

पावसाळ्याआधी पूरमदतीची तयारी चालू आहे. 2025 च्या सप्टेंबरात सीनेने करमाळा, माढा, मोहोळपासून खाली सोलापूरपर्यंत काय केलं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा आधीच दोन शाळा हेरून ठेवल्या आहेत, प्रत्येकी साधारण 180 माणसांच्या हिशेबाने. किट ठरलंय, ताडपत्र्या आल्यात.

अडचण फॉर्मची आहे. आतापर्यंतच्या वाटपाच्या फॉर्मवर कुटुंबप्रमुख, पत्नी, मुलं एवढेच रकाने. तृतीयपंथी, जोगते, एकत्र राहणाऱ्या दोन बायका किंवा दोन पुरुष यात बसतच नाहीत. गटात दोन मतं आहेत. एक म्हणतं, आत्ताच गूगल फॉर्म फिरवून अशा सगळ्यांची यादी करू, म्हणजे पूर आला की त्यांचं किट बाजूला ठेवता येईल. दुसरं म्हणतं, वेगळं काही करूच नये. कामाचं सांगा: फॉर्म, खोल्या, संडास, किट, औषधं. आणि सरकारी पंचनाम्यात ही माणसं कशी आणायची?

नोंदवही

यादी नको. गूगल फॉर्म तर मुळीच नको.

यादीत यायचं म्हणजे आधी स्वतःला उघड करायचं. डेऱ्यात, म्हणजे तृतीयपंथी गुरूच्या घरी राहणारी, रोज साडी नेसून बाजारात फिरणारी व्यक्ती कदाचित नाव देईल. पण मैत्रिणीबरोबर खोली करून राहणारी, विड्या वळणारी बाई देणार नाही. घरी बायकामुलं असलेला यंत्रमागावरचा कामगार देणार नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी यादी करायची, त्यातले निम्म्याहून जास्त बाहेरच. आणि जे आत आले त्यांची फाइल पूर ओसरल्यावरही कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहणार, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाणार.

त्यापेक्षा सगळ्यांचाच फॉर्म बदला. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असावंच लागतं असं नाही. तीच व्याख्या उचला आणि एकच प्रश्न ठेवा: ‘तुमच्या चुलीवर किती जण जेवतात?’ गुरू आणि सहा चेले असतील तर चूल एक, माणसं सात. भांड्यांचा संच एक मिळेल, शिधा सात जणांचा. दोन मैत्रिणी असतील तर चूल एक, माणसं दोन. कॉलेजची चार पोरं खोली करून राहत असतील त्यांनाही हेच लागू. ‘ही तुमची कोण?’ हे स्वयंसेवकाने विचारायचं नाही, गंमत म्हणूनही नाही.

रकाने एवढेच पुरतात: टोकन क्रमांक, हाक मारायचं नाव, चुलीवरची माणसं, त्यांत 5 वर्षांखालची, 60 च्या पुढची आणि गरोदर किती, रोजचं औषध चालू आहे का (फक्त हो किंवा नाही, कोणतं ते नाही), मोबाइल. लिंगाच्या रकान्याबद्दल आधी स्वतःला विचारा की तो कशाला हवाय. पॅड मोजायला हवा असेल तर पॅडची किती पाकिटं लागतील ते विचारा, घरात पाळी येणारं कोण आहे ते कळायची गरज नाही. झोपायची जागा ठरवायला हवा असेल तर कुठल्या खोलीत बरं वाटेल ते विचारा. वरून आलेल्या नमुन्यात तो रकाना असेलच तर स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, सांगायचं नाही असे चार पर्याय ठेवा आणि खूण त्या माणसाला करू द्या. स्वयंसेवक चेहरा बघून खूण करून टाकतो, सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच.

कागदावरचं नाव वेगळ्या पानावर घ्या, तेही सरकारी भरपाईला लागणार असेल तरच. आणि भोंग्यावरून नावं पुकारू नका. कागदावरचं पुरुषी नाव पुकारलं आणि रांगेतून साडीतली व्यक्ती पुढे आली की सगळी शाळा वळून बघते, दुसऱ्या दिवशी ती व्यक्ती रांगेत येतच नाही. टोकनचा आकडा पुकारा.

देणगीदारांना आकडे द्या: इतक्या चुली, इतकी माणसं. नावं देऊ नका. वाटपाच्या टेबलावर फोटो नको. फोटोशिवाय देणगी नाही म्हणणारा असेल तर सामानाच्या ढिगाचा फोटो पाठवा, तो तसाही जास्त चांगला येतो.

साधा_माणूस

पुरात सगळेच भिजतात की ओ. खिचडीच्या रांगेत कोण कोणाला विचारतंय तू कोण म्हणून? आधीच माणसं कमी, त्यात हे वेगळे रकाने, वेगळ्या खोल्या. सगळ्यांना सारखं द्या, विषय संपला.

मोडी_ते_सातबारा

खिचडीपुरतं तुमचं बरोबर आहे. ताटात पडेपर्यंत कोणी कागद मागत नाही. घोळ सुरू होतो तो कागद लागतो तिथून.

2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नियम सगळ्यांना सारखेच होते. मदत रेशनकार्डावर आणि कुटुंबावर बेतलेली होती. तिथल्या अरवाणींकडे, म्हणजे आपल्याकडच्या तृतीयपंथीयांकडे, कार्ड नव्हतं, आणि नोंदवहीत स्त्री किंवा पुरुष एवढंच होतं. त्यामुळे तात्पुरत्या निवाऱ्यातून, मदतीतून आणि नोंदीतूनही ती माणसं सुटली. कोणी मुद्दाम ‘यांना देऊ नका’ असा हुकूम काढायची गरज पडली नाही. हैतीत 2010 च्या भूकंपानंतर धान्याची कुपनं बायकांच्या हाती द्यायचं ठरलं. त्यामागचं कारणही चांगलं होतं, पुरुषांच्या रांगेत ढकलाढकल होऊन धान्य दांडग्यांच्या हाती जातं. पण ज्या घरात बाईच नाही, तिथे दोघे पुरुष राहोत की तृतीयपंथी, ते बाहेर राहिले. बायकांची रांग चूक नव्हती. तिच्या शेजारी दुसरी वाट ठेवली नाही ही चूक होती.

आता पंचनामा. तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात तलाठीच म्हणतात) घरोघर जाऊन पंचनामा करतो, आणि सोय म्हणून घरमालकाचं नाव लिहून मोकळा होतो. भाडेकरू राहून जातो. शहरातले तृतीयपंथी आणि एकत्र राहणारी जोडपी बहुतेक भाड्याने, तीही तोंडी कराराने. आपत्ती निधीच्या 2022-26 च्या निकषांत घर वाहून गेलं, पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांडी-सामानासाठी 2,500 रुपये दर कुटुंबामागे धरले होते. शासन निर्णय काढून राज्य रक्कम वाढवतं, त्या वेळचा निर्णय बघून घ्या. हे पैसे कपड्याभांड्यांचे आहेत, भिंतीचे नव्हेत. म्हणून ते त्या खोलीत राहणाऱ्याचे. मालकाने घेतले आणि भाडेकरूला दिले नाहीत, ही तक्रार पुरानंतर ठरलेली असते.

उपाय तिथल्या तिथे करायचा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटते, तिचा फोटो दाराच्या चौकटीसकट काढा. पाणी शिरलं त्या दिवशी एक आणि उतरलं त्या दिवशी एक, कारण दोन दिवसांची अट त्याशिवाय सिद्ध होत नाही. फोनमध्ये तारीख-वेळ बरोबर लावलेली असू द्या. शेजारच्या दोन घरांची सही घ्या, मजकूर इतकाच: ‘अमुक व्यक्ती या खोलीत राहते.’ पंचनाम्यात भाडेकरू स्वतंत्र ओळीत आला का ते तलाठी निघून जायच्या आत बघा. नंतर दुरुस्ती अर्ज करता येतो, पण त्याला हेलपाटे फार.

नावाचा गुंता वेगळाच. आधारवर एक, पासबुकावर दुसरं, वस्तीत तिसरं असं असेल तर पासबुकावरचं नाव आधी आणि पुढे ‘उर्फ’ लावून चालू नाव लिहा. त्या व्यक्तीची हरकत नसेल तरच. आपल्या दप्तरात ‘उर्फ’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, कोणी अडवत नाही. पुराच्या तोंडावर मात्र आधारवरचं नाव बदलायला जाऊ नका. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, लिंग एकदाच, आणि आधार बदललं पण बँक राहिली तर अनुदान नेमकं तेव्हाच अडकतं. हे काम जानेवारी-फेब्रुवारीतलं, आधी बँक आणि आधार यांचा मेळ घालायचा.

कायद्याचा आधार हवा असेल तर आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चं कलम 61 दाखवा: भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात राज्यघटनेतल्या ‘लिंग’ या शब्दात लिंगओळखही येते असं म्हटलं आहे. तृतीयपंथी व्यक्तींचा 2019 चा कायदा वेगळा आहेच. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं तृतीयपंथी ओळखपत्र असेल तर उत्तम. पण शिध्यासाठी किंवा छावणीत जागेसाठी ते मागणारा कोणताही नियम नाही. तुम्हीही मागू नका.

साधा_माणूस

बरं, मालक पैसे घेतो हे पटलं. ते सगळ्याच भाडेकरूंचं दुखणं आहे. पण मग रेशनचं? कार्डच नसेल तर दुकानदार काय करणार?

मोडी_ते_सातबारा

कार्ड नसतं असं कमी वेळा होतं. बहुतेकांचं नाव आईबापाच्या कार्डात असतं, गावाकडे. एक देश एक रेशनकार्डामुळे आपल्या वाट्याचं धान्य सोलापुरातल्या दुकानात अंगठा लावून उचलता येतं. प्राधान्य गटात माणशी महिना 5 किलो. फक्त एक लक्षात ठेवा: इकडे उचललं की तिकडच्या दुकानात तेवढं कमी दिसतं, आणि घर सोडून आलेल्याचा ठावठिकाणा घरच्यांना कळू शकतो. हे आधी सांगा, ठरवू त्याला द्या. अंत्योदयचं कार्ड असेल तर हिशेब माणशी नसतो, 35 किलो पूर्ण कार्डाला असतं, मग घरच्यांशी भांडण ओढवतं.

नवं कार्ड काढायचं असेल तर केंद्राच्या अन्न विभागाने 2024 मध्ये राज्यांना कळवलंय की एकत्र राहणारे समलिंगी जोडीदार कार्डापुरते एकाच घरातले धरावेत. पुरवठा कार्यालयात ते पत्र कोणाला माहीत असेल असं समजून जाऊ नका, छापून न्या.

आणि कार्ड-आधार काहीच नसलेल्यांना शिधा द्यायचा की नाही यावर वाद निघाला तर सांगा: करोनाच्या काळात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखीच्या कागदाचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायला राज्यांना सांगितलं होतं. सरकारला जमतं तर आपल्या गटाला जमायला हरकत नाही.

मोजपट्टी

खोल्या आणि संडासांकडे येतो, फॉर्मपेक्षा माणसं तिथे जास्त हाकलली जातात.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांत माणशी 3.5 चौरस मीटर जागा आणि 30 माणसांमागे एक संडास आहे, छावणीपासून 50 मीटरच्या आत. वर्ग 20 बाय 24 फुटांचा धरला तर 480 चौरस फूट, म्हणजे निकषाने 12 माणसं. प्रत्यक्षात तिथे तीस झोपवतात, मग अंगाला अंग लागतं आणि ‘हिला इथे का झोपवलं’ अशी कुरकुर सुरू होते. त्या भांडणाचं मूळ बहुतेकदा जागेत असतं. 180 माणसांना 15 वर्ग लागतात. तेवढे नसतील तर दुसरी शाळा आत्ताच बघा.

एक लहान खोली (मुख्याध्यापकांचं कार्यालय, ग्रंथालय, काहीही) मोकळी ठेवा. दारावर ‘तृतीयपंथी कक्ष’ असं लिहू नका. ‘खोली क्र. 7’ पुरे. तीत बाळंतीण, आजारी माणसाबरोबरचं कुटुंब, आणि ज्याला मोठ्या खोलीत झोपायला नको वाटतं असा कोणीही. मिश्र वापर असला की त्या खोलीत जाणं म्हणजे काही जाहीर करणं राहत नाही. मात्र ती आवाराच्या टोकाला, मैदानापलीकडे नको. रात्री त्रास द्यायला तीच जागा सोपी पडते. नोंदणीच्या टेबलावरून दार दिसावं.

180 माणसांना 6 संडास. 3 बायकांचे, 2 पुरुषांचे, 1 सगळ्यांसाठी. त्या सहाव्यावर बाई-पुरुषाचं चित्र लावू नका, ‘सर्वांसाठी’ लिहा, आत पकडायला एक दांडा बसवा म्हणजे अपंग आणि म्हाताऱ्यांनाही चालेल. पण फक्त तिथेच जा असं कोणाला सांगायचं नाही. स्वच्छ भारतच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत तृतीयपंथीयांनी पुरुष किंवा स्त्री यांपैकी हवा तो सार्वजनिक संडास वापरावा असं आहे. सहावा ही जादा सोय आहे.

शाळेचे संडास लहान मुलांसाठी बांधलेले असतात, त्यात तीन गोष्टी हमखास नसतात. आतून कडी नसते, दाराखाली वीतभर फट असते, आत पाणी नसतं. सहा कड्या, सहा खुंट्या, फटीला लावायला प्लायची पट्टी, 200 लिटरचा ड्रम, बादली, मग, झाकणाचा डबा. हे एका दुपारचं काम आहे, पण पूर आल्यावर हार्डवेअरचं दुकान उघडं नसतं.

न्हाणीघर चार बांबू आणि ताडपत्रीचं होतं. ताडपत्री जाड, गडद रंगाची घ्या. दिवा आत टांगू नका. आतल्या दिव्याने रात्री अंगाची सावली ताडपत्रीवर पडते आणि बाहेर बसलेली पोरं तेच बघत बसतात, बायकांनाही हाच त्रास. सौरदिवा बाहेर, दाराच्या वर, वाटेकडे तोंड करून. वर छत नसेल तर शाळेच्या जिन्यावरून आत दिसत नाही ना, ते स्वतः चढून बघा.

सीनाकाठ

जिन्याचं डोक्यातच आलं नव्हतं. बघतो उद्या.

किटबद्दल: सध्या दोन प्रकार आहेत, ‘महिला किट’ आणि ‘पुरुष किट’. तिसरा प्रकार काढावा का? आणि डेऱ्यापर्यंत कसं पोचायचं? गुरूंकडे सगळं सामान एकदम दिलं तर चालेल असं काहींचं म्हणणं आहे.

परडी

तिसरं किट नको. एकच किट सगळ्यांना द्या: साबण, दात घासायचं, टॉवेल, चादर, मेणबत्ती, क्लोरीनच्या गोळ्या. त्याच्या शेजारी एक निवडीचं टेबल मांडा आणि प्रत्येकाला तिथून तीन वस्तू उचलू द्या. पॅड, दाढीची रेझर, आतले कपडे (दोन्ही प्रकारचे, मोठ्या मापाचे जास्त), साडी, लुंगी, गाऊन, शर्ट, कंगवा. पाळी येणारा ट्रान्स पुरुष (जन्माला मुलगी म्हणून नोंदलेला, पण पुरुष म्हणून जगणारा) पुरुषांच्या रांगेत उभा असतो, त्याला पॅड मागता येत नाही. तृतीयपंथी स्त्रीला रेझर मिळाली नाही तर तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर खुंट दिसतात आणि तिथून टवाळी सुरू होते. तिच्यासाठी रेझर सुरक्षेची वस्तू आहे, नटण्यामुरडण्याची नव्हे. टेबलाला आडपडदा लावा, एका वेळी एकच माणूस आत, उचललेलं काळ्या पिशवीत. माणशी मिनिटभर जातो, म्हणून 180 जणांना एक टेबल पुरत नाही, दोन लावा. नाहीतर पडद्याबाहेर रांग तुंबते आणि स्वयंसेवक कंटाळून पुन्हा स्वतःच पिशव्या भरायला लागतात.

आता डेरा. गुरूला टाळून काही करू नका. निरोप तिथूनच लवकर जातो, आणि परस्पर चेल्यांना गाठलं तर त्यांनाच बोलणी खावी लागतात. पण सामान मात्र ज्याच्या त्याच्या हातात द्या. सगळं गुरूच्या दारात उतरवलं तर डेऱ्याबाहेरचे राहतात: भांडून बाहेर पडलेले, नुकतेच गावातून आलेले, घरीच राहणारे. ट्रान्स पुरुषांना तर घराणंच नसतं, त्यामुळे ते या वाटेवर कुठेच भेटत नाहीत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याकडे जोगते-जोगतिणी गावातच एकेकटे राहतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले. त्यांचा शहरातल्या डेऱ्याशी संबंध असेलच असं नाही, आणि सगळे स्वतःला तृतीयपंथी म्हणवतात असंही नाही. त्यांच्यापर्यंत आशाताई किंवा देवळाचा पुजारी लवकर पोचतो.

दुसरं. ज्यांचं पोट बधाईवर (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे), बाजारातल्या मंगतीवर किंवा धंद्यावर आहे, त्यांचं उत्पन्न रस्ता बंद झाला त्याच दिवशी शून्य होतं. घर मात्र कोरडं. ‘घर पाण्यात गेलं का’ एवढाच निकष ठेवला तर ही माणसं यादीत येणारच नाहीत. हमाल, फेरीवाले यांचंही तेच. म्हणून निकषात ‘रोजची कमाई थांबली’ हा मुद्दा घाला, सगळ्यांसाठी. कोणती कमाई ते विचारायचं नाही.

बोलताना समोरच्याने सांगितलेलं नाव वापरा, ताई की भाऊ ते कळत नसेल तर नुसतं नाव. फलक मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतही लावा, पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीत मराठी वाचणाऱ्यांपेक्षा तेलुगू बोलणारे जास्त भेटतील.

गोळी_वेळेवर

औषधांचं राहिलं म्हणून लिहितोय.

फॉर्मवर ‘रोजचं औषध चालू: हो/नाही’ हा रकाना ठेवताय ते योग्य. कोणतं औषध ते फक्त वैद्यकीय टेबलावर, बंद खोलीत. एचआयव्हीबाबत 2017 च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे. स्वयंसेवकाने सहज म्हणून दुसऱ्याला सांगितलं तरी ते उल्लंघनच.

एचआयव्हीच्या गोळ्या (बहुतेकांना टीएलडी, दिवसाला एक) चुकता कामा नयेत. झिपच्या पिशवीत किमान 10 दिवसांच्या गोळ्या आणि एआरटीची (एचआयव्हीच्या उपचाराची) पुस्तिका, पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये. हे आत्ता, मे-जूनमध्ये सांगायचं. गोळ्या वाहून गेल्या किंवा सोलापूरच्या सिव्हिलपर्यंत रस्ताच नसेल तर जवळच्या दुसऱ्या एआरटी किंवा लिंक केंद्रावर पुस्तिका दाखवा. 1097 ही मदतवाहिनी केंद्र सांगते. एक डोस राहिला तर आठवताच घ्यावा, दोन एकदम नाही.

शरीर आपल्या ओळखीला जुळावं म्हणून घेतलेले हार्मोन काही दिवस थांबले तर जीव धोक्यात येत नाही. पण स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन दाबायला तृतीयपंथी स्त्रिया घेतात ती गोळी) घेणाऱ्यांवर लक्ष हवं. ती गोळी मुळात लघवी वाढवणारी आहे आणि शरीरात पोटॅशियम साठवते. पुरानंतर जुलाब-उलट्या लागल्या की अंगातलं पाणी आटतं, त्यात ही गोळी चालू राहिली तर मूत्रपिंडावर आणि हृदयावर ताण येतो. जुलाब सुरू झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, ओआरएस किती घ्यायचं तेही त्यांना विचारून. छावणीतल्या डॉक्टरला हे औषध कशासाठी चालू आहे हे माहीत नसू शकतं, म्हणून रिकामं पाकीट जवळ ठेवा.

निर्वाण झालेल्यांपैकी, म्हणजे लिंग-अंडकोष काढलेल्यांपैकी, बऱ्याच जणांचा मूत्रमार्ग अरुंद झालेला असतो. संडासात जायची भीती असली की माणूस पाणीच पीत नाही आणि दिवसभर लघवी तुंबवतो. मग जंतुसंसर्ग, ताप, कधी लघवी पूर्ण बंद. सहा तास लघवी झाली नाही, पोट फुगलं, तर वाट न बघता दवाखाना. मोजपट्टींच्या कडीचा आणि याचा संबंध सरळ आहे.

लैंगिक अत्याचार झाला तर एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकं बरं, कोर्स 28 दिवसांचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पुरुषांवरच्या अत्याचारालाही लावता येणारं जुनं 377 कलम उरलेलं नाही आणि बलात्काराच्या कलमात पीडित म्हणून स्त्रीच धरली आहे, त्यामुळे पुरुष किंवा तृतीयपंथी आला की ‘कोणतं कलम लावायचं’ यावर चौकीत वेळ जातो. उपचाराला कलम लागत नाही. आधी दवाखाना, मग चौकी.

सीनाकाठ

फॉर्म बदलतोय, ‘चूल’ ठेवतो. एकच शंका उरली. ज्यांच्यापर्यंत आमचा गट पोचत नाही त्यांच्यासाठी एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या संस्थांकडून त्यांच्या नोंदीतली नावं मिळतील का?

नोंदवही

मागू नका, आणि दिली तर घेऊ नका. त्यांच्याकडची नोंद उपचारासाठी विश्वासाने दिलेली असते. त्याऐवजी कोरी टोकनं द्या. छापील, 001 ते 150, मागे तुमच्या गटाचा शिक्का, नावाला जागाच नाही. संस्थेचे कार्यकर्ते ती आपल्या ओळखीतल्यांना देतील, कोणाला दिलं ते तुम्हाला कळायची गरज नाही. टोकन घेऊन आलेल्याला बाकीच्यांसारखंच किट आणि शिधा, त्याच रांगेत, त्याच टेबलावर. टोकनाचा रंग मात्र सगळ्यांना सारखा हवा. वेगळा रंग केलात तर यादीच केली म्हणायची.

दोन-चार टोकनं फिरून दुसऱ्याच्या हाती जातील. जाऊ द्या. 150 पैकी पाच किट चुकीच्या माणसाकडे गेली तर तीही पूरग्रस्त भागातल्याच कोणाच्या तरी घरात गेलेली असतात.

मोजपट्टी

जिन्यावरून बघाल तेव्हा शाळेची पाण्याची टाकी रस्त्याच्या पातळीपेक्षा किती उंच आहे तेही मोजून घ्या. 2025 ची रेघ भिंतीवर अजून दिसत असेल, टाकीचं तोंड तिच्यावर किमान दोन फूट हवं. आणि कड्या आणाल त्या सहा इंची आणा, शाळेच्या दारांना चार इंची पुरत नाही, लाकूड फुगलं की निसटते.